जमिनीवरचे विमान

माझा मावसभाऊ विमान चालवायला शिकतो आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी बारामतीला प्रशिक्षणाच्या एका विमानाला अपघात झाल्याची बातमी आली, आणि हुबळीच्या मावशीने मला बोलावून सांगितले, "त्याला म्हणावं, पुरे झालं. परत ये." भाऊ बारामतीला नव्हताच, पण आईच्या मनाला गाव कुठले असते?

अपघात आकाशात झाला नव्हता. विमान उतरले होते. जमिनीवरून चालत असता त्याचे पुढचे चाक निखळले आणि ते कडेच्या गवतात गेले. वैमानिक सुखरूप राहिला. माझा धारवाडचा मित्र म्हणाला, "नेलक इळिद म्याल एन अंजिकी?" जमिनीवर आल्यावर कसली भीती?

भावाचे म्हणणे निराळे. जमिनीवर विमान हातांनी नव्हे, पायांनी वळवावे लागते. उडताना बिनकामाचे असलेले ते चिमुकले चाक इथे विमानाचे नाक तोलून धरते. म्हणून उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून चाके तपासायची आणि उतरल्यावरही इंजिन बंद होईपर्यंत लक्ष ढळू द्यायचे नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी मावशीने घर तारण ठेवले आहे. आम्ही कॉमर्सवाले कर्जाचा हिशेब मांडतो. भीतीचे खाते मात्र कोणत्याच वहीत नसते. तरी मी म्हणालो, "मावशी, त्याला परत बोलावू नकोस. चाकाकडे बघायला तो शिकलाय."

ती काही बोलली नाही. त्या महिन्याचा हप्ता मात्र तिने वेळेवर भरला.