दिसत नाही, तरी आहे



‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ हा १९६४ सालचा कृष्णधवल हिंदी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. शांतिलाल सोनी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात किशोरकुमार आणि कुमकुम यांच्या प्रमुख भूमिका आहेत. नायक प्रयोगशाळेतील एक रसायन पितो आणि अदृश्य होतो. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरीतील अदृश्य माणूस क्रूर होत जातो आणि अखेरीस जमावाच्या हातून मारला जातो. तीच कल्पना येथे प्रेक्षकांना हसवते. हे हसू कोठून येते, याचे उत्तर मला व्याकरणात सापडते.

‘मी’ या सर्वनामाला स्वतःचा निश्चित निर्देश नसतो. जो बोलतो, त्याचा तो ‘मी’. ‘इथे’ या शब्दाचेही तसेच आहे. एरवी बोलणारा डोळ्यांसमोर असतो, म्हणून या शब्दांचे परावलंबन आपल्या लक्षात येत नाही. रिकाम्या खुर्चीतून ‘मी इथे आहे’ असे ऐकू आले, की ते उघडे पडते. ऐकणारा दचकतो आणि आपण हसतो.

अशा वेळी मराठीत ‘अदृश्य’ आणि ‘गायब’ हे दोन शब्द हाताशी येतात. आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु त्यांच्या मूळ अर्थांत भेद आहे. संस्कृत ‘अदृश्य’ म्हणजे जो दिसत नाही तो. अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘गायब’ म्हणजे जो हजर नाही तो. नायक अदृश्य असतो, गायब नव्हे, कारण त्याचा आवाज जागेवर असतो. आपल्याकडील पार्श्वगायकही असाच न दिसता हजर असतो. या चित्रपटात तर नट आणि गायक दोन्ही किशोरकुमारच आहेत.

सिल्लोडमध्ये बसून तुमचे स्वाध्याय तपासताना हा भेद मला नेहमी आठवतो. तुमच्यापैकी बहुतेकांना मी पाहिलेले नाही. शेतातून, दुकानातून परतल्यावर रात्री लिहिणारे तुम्ही मला अदृश्यच आहात. पण एखाद्या उत्तरात ‘आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे’ असे वाक्य येते आणि लिहिणारा माणूस समोर उभा राहतो. गाईडमधून उतरवलेल्या उत्तरांत मात्र लिहिणारा गायब असतो. अशा उत्तरांना गुण देता येतात, प्रतिसाद देता येत नाही. येत्या स्वाध्यायात निदान एक वाक्य असे लिहा, जे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही लिहिता आले नसते.