मोटारीची वही

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या मोटारीनें तीन लाख किलोमीटरांचा आंकडा ओलांडला. आम्ही त्या वेळीं मेढ्याच्या रस्त्यावर होतों. घरीं येऊन ही वार्ता आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितली, तेव्हां हातांतल्या मोबाइलवरची नजर न काढतां चिरंजीव म्हणाले, "मग आतां तरी विकायची ना?" तीन लाखांचें एवढेंच काय तें कौतुक झालें!

मोटार अगदींच साधी आहे. २००४ सालीं घेतलेली मारुती ८००. ७९६ घनसेंटिमीटरांचें, तीन सिलिंडरांचें इंजिन. बिऱ्हाड साताऱ्याला आणि कॉलेज कराडला, त्यामुळें जाऊन-येऊन रोजचे शंभर किलोमीटर तिनें निमूटपणें काढले. हें मॉडेल कारखान्यांतून निघावयाचें २०१४ च्या जानेवारींत बंद झालें. आतां रस्त्यानें तिच्या वयाची दुसरी एखादी दिसली, तर जुना वर्गमित्र भेटल्यासारखें आम्ही वळून पाहतों.

ही मोटार इतकी चालली कशी, असें लोक विचारतात. उत्तर एका शंभरपानी वहींत आहे. मात्र ती वही आम्हीं शहाणपणानें घातली, असा कोणाचा समज होऊं नये.

२०१३ च्या वैशाखांतली गोष्ट. महाडला आमची मावशी अत्यवस्थ होती. "एकदां दृष्टीस पडूं दे," म्हणून आई हट्ट धरून बसली, आणि तिला घेऊन आम्ही दुपारीं निघालों. केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, आणि पुढें आंबेनळीनें उतरून पोलादपूर, असा बेत होता. महिन्यापूर्वीं मेस्त्रींनीं रेडिएटरचा वरचा पाइप दोन बोटांत दाबून दाखविला होता. "सर, ह्यो फुगलाय. आत्ताच बदलूं." पाइप चारशें रुपयांचा. उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते. पुढच्या सर्व्हिसिंगला पाहूं, असें आम्हीं सांगितलें. जो मनुष्य विद्यार्थ्यांना वेळच्या वेळीं अभ्यास करण्याचा उपदेश गेलीं पंचवीस वर्षें करीत आला, त्याचें हें उत्तर!

घाटांत तपमानाचा कांटा चढूं लागला. तो आम्हांला दिसला. दिसला नाहीं असें म्हणतां येत नाहीं. सांवली पाहून थांबूं, असें म्हणत आम्ही आणखी दोन वळणें चढलों, आणि बॉनेटखालून पांढऱ्या वाफेचा लोट उठला. पाइप उभा फाटला होता. पाण्यावांचून चढविलेल्या त्या दोन वळणांनीं इंजिनचें गॅस्केट जाळलें आणि ॲल्युमिनियमचें हेड वांकविलें. चारशें रुपयांच्या पाइपापायीं पुढें महिन्याचा पगार गेला, तो भाग वेगळा. रस्त्याच्या कडेला एका दगडावर आई तीन तास बसून होती. मग एक एस्. टी. मिळाली, महाबळेश्वरला पोंचलों तों रात्र झाली, आणि खालीं उतरणारी गाडी दुसऱ्या दिवशीं सकाळची. महाडला गेलों तेव्हां अंगणांत माणसें बसलेलीं होतीं. मावशी पहांटे गेली होती.

आई आम्हांला एका शब्दानें बोलली नाहीं. परततांना बसमध्यें तिनें एवढेंच विचारलें, "गाडींत पाणी कमी होतं का रे?" आम्हीं 'हो' म्हटलें. पाइपाची गोष्ट तिला आम्हीं अद्यापि सांगितलेली नाहीं. येथें प्रथमच लिहीत आहों.

वही त्या आठवड्यांत आली. डाव्या पानावर तारीख आणि किलोमीटर, उजव्या पानावर काय केलें आणि काय करावयाचें राहिलें. या दुसऱ्या रकान्याला आम्ही फार भितों. इंजिन ऑइल दर पांच हजारांना बदलावयाचें. तें काळें झालें कीं नाहीं यावर वाद घालावयाचा नाहीं. रेडिएटरमध्यें नळाचें पाणी कधींही नाहीं, कारण त्यांतला क्षार बारीक नळ्यांत बसतो आणि आंतून गंज चढतो. कूलंट घालावयाचें, आणि तेंही दोन वर्षांनीं काढून टाकावयाचें. ब्रेक ऑइल हवेंतली ओल शोषून घेतें, आणि घाट उतरतांना ब्रेक तापले म्हणजे त्या ओलीची वाफ होऊन पायाखालचें पेडल पोकळ लागतें. म्हणून तेंही दोन वर्षांनीं. टायमिंग बेल्टचा स्वभाव तर फारच वाईट. बाकीचे भाग आधीं कुरकुरतात, हा मात्र तुटेपर्यंत बहुधा हूं कीं चूं करीत नाहीं. तेव्हां ऐंशी हजार किलोमीटर झाले, कीं चांगला दिसत असला तरी तो उतरवितों. मेस्त्री प्रत्येक वेळीं म्हणतात, "अजून चालला असता, सर." चालला असता, हें आम्हांसही कबूल आहे.

एक संवय मात्र आमची स्वतःची आहे. आठवड्यांतून एकदां रात्रीं मोटारीखालीं जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवावयाचें आणि सकाळीं तें वाचावयाचें. काळा डाग इंजिन ऑइलचा. हिरवट, बोटाला चिकटसर लागणारा कूलंटचा. चाकाच्या आंतल्या बाजूला ओला डाग दिसला तर तो ब्रेकचा समजून गाडी जागची हलवावयाची नाहीं. धुराचेंही वाचन होतें. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. तो सकाळीं सुरू करतांनाच एकदां दिसून थांबला तर व्हॉल्व्हचीं सीलें झिजलीं असावींत, चढावर सतत येऊं लागला तर रिंगा. इंग्रजी कवितेचा अर्थ लावण्यांत आमचा जन्म गेला, पण या डागांइतका निःसंदिग्ध अर्थ आम्हांला तेथें क्वचितच सांपडला. आमचे शेजारी आपली नवी गाडी रोज धुतात. वर्षभरांत त्यांनीं बॉनेट उघडल्याचें आम्हीं पाहिलेलें नाहीं. पण हें त्यांना सांगण्याचा आमचा अधिकार केळघरच्या घाटांत संपला.

सरकारदरबारीं पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणी नवी करावी लागते. २०१९ सालीं तिचें शुल्क सहाशें रुपये होतें. १ एप्रिल २०२२ पासून तें पांच हजार झालें, आणि २०२४ सालीं आम्हीं तें भरलें. पर्यावरण कर निराळाच. त्याची तक्रार नाहीं. जुनी गाडी हवा अधिक बिघडवूं शकते हें खरें आहे, आणि धुराचें प्रमाणपत्र वेळेवर घेण्यापलीकडे त्यावर आमच्यापाशीं उत्तर नाहीं. २०२५ पासून पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल येऊं लागलें. जुन्या रबराला तें मानवत नाहीं, म्हणून पेट्रोलचे सारे पाइप एकदम बदलले. या खेपेस मेस्त्रींनीं सांगण्याची वाटही पाहिली नाहीं. तेही आतां थकले आहेत. मुलगा गॅरेज चालवितो, आणि तो प्रथम यंत्र लावून पाहतो. वडील प्रथम कान लावीत. मुलाचेंही निदान चुकत नाहीं, हें येथें नमूद करणें भाग आहे.

आई आतां शहाऐंशीची आहे. तिचे गुडघे धरले आहेत, आणि महिन्यांतून एकदां तिला डॉक्टरांकडे न्यावें लागतें. चिरंजीवांची गाडी अधिक उंच आणि थंडगार आहे, पण तींत चढणें तिला जमत नाहीं. परवां निघतांना तिनें दाराला हात धरून नेहमींप्रमाणें विचारलें, "पाणी बघितलंस ना?"

पहाटेंच बघितलें होतें; वहींत लिहिलेंही होतें. आम्हीं पुन्हां बॉनेट उघडलें, आणि ती वांकून पाहत असतांना कूलंटची बाटली हातानें हलवून दाखविली. मग ती आंत बसली.