नमुन्याची पानं

मंडळी, माझ्या कॉमिक्सच्या वेडाबद्दल इथे आधीही लिहून झालंय, तेव्हा नेहमीच्या वाचकांनी जरा सहन करावं. काका-मावशी लोकांसाठी एक खुलासा: मी जमवतो ती छापील पुस्तकं नव्हेत, तर ज्यावरून ती छापली जातात ती हाताने काढलेली मूळ पानं. जाड ब्रिस्टल बोर्ड, ११ बाय १७ इंच, आधी पेन्सिल, मग काळी शाई, चुकलं तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका. इथे अमेरिकेत ह्याचा मोठा बाजार आहे. जानेवारी २०२२ मध्ये माइक झेकने काढलेल्या स्पायडरमॅनच्या एका पानाला लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलर मिळाले. आपली झेप तिथवर नाही. (बायको हे वाचते, म्हणून मुद्दाम लिहितोय.)

माझा जीव रमतो तो नमुन्याच्या पानांत. नवखा चित्रकार काम मागायला जातो तेव्हा संपादकाला दाखवायला सलग तीन-चार पानं काढतो. ती कुठेच छापली जात नाहीत. संवादाचे फुगे बहुधा नसतात, आणि मागच्या बाजूला नाव, पत्ता, फोन नंबर. छापलेलं नाही म्हणून भाव कमी. पुढे पोरगा मोठा झाला तर गोष्ट वेगळी, पण बहुतेक जण होत नाहीत. मार्क बॅगली १९८०च्या दशकात मार्व्हलच्या 'ट्राय-आउट' स्पर्धेतून आला आणि पुढे त्याने 'अल्टिमेट स्पायडरमॅन'चे सलग १११ अंक काढले. पण असे किती?

ह्यात एक गंमत आहे. संग्राहकाला हवं असतं पूर्ण पानभर एकच चित्र, त्यात पोशाखातला हिरो उडी मारतोय. संपादकाला ते बघायचंच नसतं. उडी कुणीही मारतो हो! त्याला बघायचं असतं की दोन माणसं स्वयंपाकघरात बोलत बसलीत, तर पहिल्या चौकटीतली बाई पाचव्या चौकटीतही तीच बाई दिसते का? खिडकी आपल्या जागी राहते का? म्हणजे नोकरी ज्या पानावर मिळायची ते पान विकलं जात नाही, आणि विकलं जातं त्यावर नोकरी मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये एक मुलगा भेटला. बावीस-तेवीसचा असेल. टेबलावर चार पानांचा नमुना, प्रत्येकी ६० डॉलर. पहिलं पान उडीचं, उरलेली तीन एका म्हाताऱ्या हिरोची आणि त्याच्या बहिणीची, स्वयंपाकघरातली. माझ्या शेजारी उभा असलेला विक्रेता म्हणाला, पहिल्याचे लगेच शंभर देतो, बाकीची नकोत. मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याला चारही पानं एकत्र जायला हवी होती, हे तोंडावर दिसत होतं. पण घरभाडं द्यायचं होतं, तेही त्याने सांगितलं.

मी काय सल्ला देणार? 'विकू नकोस' म्हणणं मला सोपं, भाडं त्याला भरायचं होतं. शिवाय नोकरीसाठी मूळ पान लागत नाही, संपादकाला स्कॅन पुरतो. आणि मला आठवला जॅक कर्बी. त्याच्यासारख्या माणसाला आपणच काढलेली पानं परत मिळवायला मार्व्हलशी भांडावं लागलं. १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं परत आली, काढली होती त्याच्या कितीतरी पट. ह्या मुलाची पानं निदान त्याची होती, आणि किती घ्यायचे हे तो ठरवत होता. त्याने पहिलं पान विक्रेत्याला दिलं. उरलेली तीन मी घेतली. घासाघीस केली नाही. माझ्या मते तीच चांगली होती. दुसऱ्या पानावर बहीण गॅस बंद करते त्या चौकटीत तिचा खांदा जसा पडलाय, तो बघत मी कितीतरी वेळ बसतो.

हल्ली बरेच जण थेट टॅब्लेटवर काढतात. तिथे मूळ पान असं काही नसतंच. असो.

मागच्या महिन्यात त्या मुलाची मेल आली. डिस्क गेली, जुने स्कॅन गेले, तुमच्याकडची पानं स्कॅन करून पाठवाल का? एका छोट्या प्रकाशकाला दाखवायचीत. पाठवली. सोबत लिहिलं की मूळ पानं परत हवी असतील तर त्याच ६० डॉलरला देईन. बायको म्हणाली, "अहो, पैसे कसले घेताय, तशीच द्या की." मी म्हटलं, फुकट दिली तर त्याला वाटेल ह्यांना किंमत नाही.

त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. पानं तुमच्याकडेच राहू देत, फक्त उन्हात लावू नका, शाई साधी वापरली होती, उडेल. रविवारी तिन्ही पानं समोरच्या भिंतीवरून काढून जिन्याखाली लावली.