उंचीचे जोडे

भोर-वेल्ह्याकडची आमच्या वर्गातली मुले पोलीस शिपाई भरतीसाठी पहाटे धावतात. पुरुषांना किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते आणि ती अनवाणीच मोजतात. तिथे दोन बोटांनी हुकलेला मुलगा मुलगी पाहायला जाताना आतून उंच केलेले बूट घालतो. आम्हांला त्याचे हसू येत नाही. टाच मुळात पुरुषाचीच! इराणी घोडेस्वारांना रिकिबीत पाय रोवायला ती हवी होती. सतराव्या शतकात युरोपीय दरबारांनी ती आपलीशी केली. चौदाव्या लुईने तर लाल टाचा उघड मिरवल्या. आमच्या विद्यार्थ्याला मात्र ती बुटाच्या पोटात दडवावी लागते. आणि लग्नात अंतरपाटासमोर उभे राहताना जोडे काढावेच लागतात. तेही करवल्या पळवतात.