अभ्यासिकेच्या आधी एक चित्रपुस्तक

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये अभ्यासिका उभ्या राहिल्या. विहाराच्या वरच्या मजल्यावर रात्री बारापर्यंत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली दिसतात. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण त्याच विहाराच्या पायरीवर खेळणारं सहा-सात वर्षांचं पोर वाचायला शिकतंय का, हे बघण्याची जबाबदारी आपल्यापैकी कोणी घेतली आहे? बहुतेक वस्त्यांमध्ये कोणीच नाही. जे पोर तिसरीत अडखळत राहिलं, ते पुढे अभ्यासिकेच्या दारापर्यंत येणं फार अवघड आहे.

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरच्या खर्चाची चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहाला सांगितलं. शाळेत पाऊल ठेवणारं मूल साक्षर होऊनच बाहेर पडावं आणि जन्मभर साक्षर राहावं, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी मांडला. आज मुलं शाळेत आहेत, हजेरीपटावर नावं आहेत. तरीही २०२४ च्या असर पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. तेव्हा पोरं शाळेबाहेर पडून निरक्षर होत होती, आता वर्गात बसून मागे राहतात. यात सगळ्यात जास्त कोणाची पोरं असतील, हे सांगायला वेगळी पाहणी नको. ज्या घरात पुस्तक नाही आणि शिकवणीला पैसा नाही, त्या घरातली.

म्हणून आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी वंदनेनंतर विहारातच दीड तास पहिली ते तिसरीच्या मुलांना घेऊन बसतो. आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात २२ चित्रपुस्तकं आहेत. काही नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्तातली, काही प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुक्त संग्रहातून उतरवून छापून घेतलेली. एवढ्यावर वर्ष निघतं, कारण एक पुस्तक आम्ही महिनाभर सोडत नाही.

ते कसं, हे नीट सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. समजा, गोष्ट हरवलेल्या बकरीची आहे. पहिल्या रविवारी अक्षरांवर कागदाची पट्टी लावून फक्त चित्रं दाखवायची. काय दिसतंय? पुढे काय होईल? मग पट्टी काढून, ओळीखाली बोट फिरवत, मोठ्याने वाचायचं. आपला अंदाज बरोबर आला की नाही, हे बघायला पोरं पुस्तकावर अक्षरशः पडतात.

दुसऱ्या रविवारी शब्दांच्या पत्त्या. लग्नपत्रिका आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापायचा, एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द, वरून चिकटपट्टी. त्याच पत्त्यांवर जोड्या लावणं, ‘ब’ने सुरू होणारे शब्द वेगळे काढणं, चित्र न बघता वाचणं, असे चार-पाच खेळ होतात. तिसऱ्या रविवारी गोष्टीतली वाक्यं पट्ट्यांवर लिहून दोरीला चिमट्यांनी क्रमाने लावायची. ती जमली की पट्टी शब्दाशब्दांत कापायची आणि वाक्य पुन्हा जुळवायचं.

चौथ्या रविवारी पुठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळून त्यावर लिहायचं: ‘बकरी ___ नव्हती.’ रिकाम्या जागी मुलांनी पाटीच्या पेन्सिलीनं नाही, पुसता येणाऱ्या पेननं स्वतःचा शब्द लिहायचा. पुस्तकातली बकरी गोठ्यात नव्हती आणि झाडाखाली नव्हती. आमच्याकडची बकरी मोरीत नव्हती, नळावर नव्हती, रेशनच्या रांगेत नव्हती. एका मुलीने लिहिलं, ‘बकरी विहारात होती.’ तिला वाक्य मोडायचं होतं आणि तिने ते मोडलं. शाळेतून ‘हिला काहीच येत नाही’ असा शेरा घेऊन आलेली ही मुलगी.

हे साहित्य पुन्हा पुन्हा वापरण्याचं एक कारण पैसा आहे, हे उघड आहे. पण तेवढंच नाही. लहान मूल तीच गोष्ट दहा वेळा ऐकतं, तेव्हा शब्द त्याच्या ओळखीचा होतो. एकदा भरून फेकून द्यायच्या कार्यपत्रिकेत ही ओळख होत नाही. उलट फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून काढणारी, पण त्यातला एकही शब्द न वाचणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. दुसऱ्याचं नुसतं उतरवून काढणं हे आपल्या पोरांच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या वस्तीतली निम्मी घरं सोलापूर-लातूरकडून आलेली आहेत. पोरं ‘शेरडू’ म्हणतात, ‘म्होरं’ म्हणतात. वर्गात यावर हसू उमटतं आणि पोर बोलायचं बंद होतं. आम्ही ‘शेरडू’चीही पत्ती करतो आणि ती ‘बकरी’च्या शेजारी ठेवतो. घरातला शब्द कागदावर आला की अक्षरं परकी वाटत नाहीत. चित्र बघून गोष्ट सांगायला तर वाचता येण्याचीही गरज नाही. आमच्या विहारात दोन आज्या पहिल्या रविवारचा खेळ आमच्यापेक्षा चांगला घेतात.

चित्रांना प्रश्नही विचारायचे असतात. त्यासाठी पुठ्ठ्याचा एक फासा केला आहे: कोण? कुठे? का? पुढे काय? कोण दिसत नाही? तू असतास तर? ‘कोण दिसत नाही?’ या बाजूवर पोरं सगळ्यात जास्त बोलतात. गावाच्या चित्रात देऊळ असतं, पार असतो, वाडा असतो. आपली वस्ती कुठंय? झाडणारी बाई चित्रात आहे, मग तिला नाव का नाही? १८५५ साली चौदा वर्षांची मुक्ता साळवे आपल्या निबंधातून धर्मालाच प्रश्न विचारत होती. प्रश्न विचारायला वय लागत नाही, शिकवणारा लागतो.

काही मित्र म्हणतात, हे सरकारचं काम आहे. आहेच. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारवरच टाकली होती आणि बहुजनांच्या घामाचा पैसा वरच्या थरांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे सुनावलं होतं. पण त्याच जोतीरावांनी १८४८ मध्ये सरकारची वाट न पाहता शाळा काढली होती. शाळेकडे जाब मागायचा आणि रविवारी पेटीही उघडायची, ही दोन्ही कामं एकाच चळवळीची आहेत. आपलं पोर कुठे अडतंय, हे पुस्तक समोर धरून पाहिलेल्या पालकाला जाब विचारणंही सोपं जातं.

येत्या जयंतीला वह्या जरूर वाटा. पण वर्गणीतले दोन-तीन हजार बाजूला काढून एक पेटी आणि वीस चित्रपुस्तकंही घ्या. अभ्यासिकेतल्या प्रत्येकाने महिन्यातला एक रविवार खालच्या मजल्यावर द्यावा. पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी वस्तीत मिळते. ‘शिका’ या शब्दाची सुरुवात तिथूनच होते.

जय भीम.