दिल्लीची चेरी

मे निम्मा झाला की आर. के. पुरमच्या फळगाड्यांवर छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून काश्मीरची, हिमाचलची चेरी येते. देखणी असते, पण भाव ऐकला की हात आपसूक टरबुजाकडे वळतो. शिवाय ती इथली नव्हे. चेरीच्या झाडाला हिवाळ्यात कितीतरी आठवडे सलग थंडी लागते. दिल्लीची थंडी माणसांना कुडकुडवते, चेरीला मात्र ती पुरत नाही.

आमच्या वसाहतीची चेरी म्हणजे शहतूत, आपली तुती. होळी सरली की सरकारी क्वार्टरांमागची झाडं लगडतात. एका झाडाची काळी, आखूड, आंबटगोड. दुसऱ्याची लांब, हिरवट-पांढरी, नुसतीच गोड. मी काळीच्या बाजूची. दुपारी मुलं जुनी चादर ताणून धरतात, एकजण फांदी गदगदा हलवतो आणि टपटप सडा पडतो. बारीक हिरवा देठ फळातून सुटत नाही, त्याच्यासकटच खायचं. बोटं, ओठ, शाळेचा पांढरा शर्ट, सगळं जांभळं. खालच्या मजल्यावरच्या गढवाली आंटींनी डागावर कच्ची तुती चोळायला सांगितली. डाग खरंच फिका झाला.

सासूबाई देवरुखच्या. पहिली तुती हातात येताच त्यांनी नातवाला विचारलं, "कोंबडा की कोंबडी?" करवंद चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

तुती संपली की उन्हाच्या तडाख्यात फालसेवाला येतो. मण्याएवढी जांभळट फळं, वर काळं मीठ, कागदाच्या पुडीत. फालसा दुसऱ्या दिवशीच मऊ पडतो, म्हणून मोठ्या दुकानांत सहसा दिसत नाही. गाडीवरच घ्यायचा आणि तिथंच तोंडात टाकायचा. उरलाच तर कुस्करून, गाळून सरबत. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड हवीच.

गेल्या वर्षी ह्यांनी हौसेनं चेरीचा खोका आणला. सासूबाईंनी एक खाल्ली. "केकवरच्यासारखी नाही लागत."

लागणार कशी? बेकरीतली ती लालभडक चेरी पुष्कळदा करवंदच असते, बी काढून रंगीत साखरपाकात मुरवलेलं. हे सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "मग एवढे पैसे कशाला घातलेस? फालसे आण."