सात वर्षांची भाकरी

कोल्हापूरच्या दसरा चौकातून जाताना विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगांकडे नजर गेली, की शाहू महाराजांच्या व्यवहारी शहाणपणाचं मला फार कौतुक वाटतं. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखल्या, हे सगळेच सांगतात. वसतिगृहं मात्र त्याआधी, १९०१ पासूनच सुरू झाली होती. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. खेड्यातलं पोर अडतं ते रात्री निजायचं कुठं आणि खायचं काय, इथं. राजाला हे ठाऊक होतं.

मी रसायनशास्त्र शिकवतो. माझी एक विद्यार्थिनी करवीर तालुक्यातली, वडील गुऱ्हाळावर गुळवे. उसाच्या रसात चुना का घालतात, असं विचारल्यावर वर्ग पुस्तकं चाळायला लागला. ती म्हणाली, "सर, रस आंबूस असतोय. चुन्यानं आंबटपणा मरतोय, मग गूळ घट्ट बसतोय. जास्त पडला तर काळा पडतोय." भेंडीच्या चिकानं मळी कशी वर येते आणि उकळत्या काहिलीतून ती कशी काढायची, हेही तिनं हातवारे करून दाखवलं. हिला विज्ञानाची गोडी कुणी वेगळी लावायची?

बीएस्सीला पहिला वर्ग मिळवून ती आता पोलीस भरतीच्या क्लासला जाते. (ती नोकरी कमी प्रतीची आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही.) पुढं शिकायचं तर एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची पाच, आणि पाठीवर दोन भावंडं. "सर, सात वर्षं घर थांबंल व्हय?" एवढंच म्हणाली.

भावे सरांनी भिंगानं कागद पेटवून दाखवला आणि अनवाणी शाळेत जाणारे रघुनाथ माशेलकर पुढे शास्त्रज्ञ झाले, ही गोष्ट आम्ही मास्तर मंडळी भाषणात रंगवून सांगतो. मॅट्रिकनंतर त्यांचं शिक्षण सुटायच्या बेतात होतं आणि टाटा ट्रस्टच्या दरमहा ६० रुपयांनी ते टिकलं, हे मात्र पटकन उरकतो. भिंग सगळ्यांच्या लक्षात राहतं, साठ रुपये राहत नाहीत.

निकाल लागले, की गावोगाव गुणवंतांचे सत्कार होतात. फेटा, शाल, श्रीफळ, फोटो. यंदा तुम्हाला अशा कार्यक्रमाचं बोलावणं आलं तर जरूर जा, आणि संयोजकांना तिथंच विचारा : जिचा सत्कार करताय, त्या पोरीच्या एमएस्सीची खानावळ कोण भरणार? कुणीच पुढं आलं नाही, तर पहिल्या महिन्याचे पैसे तुम्ही भरा.